नाना विहीर

१ एप्रिल, मंगळवार

ही वही टाकवेना म्हणून हिच्यातच लिहिते आहे. पुढची अर्धी नानांच्या आजाराने भरलेली आहे, मागची कोरी आहे. पण मी पट्टीने आखलेले रकाने शेवटच्या पानापर्यंत आहेत: वजन, बीपी, पाणी. तेव्हा वाटलं होतं की वही भरेपर्यंत तरी माणूस टिकेल. नाना म्हणजे माझे सासरे, झिपरू नाना. गेल्या श्रावणात गेले. किडन्या गेल्यावर कितीतरी वर्षं आम्ही त्यांना सावद्याकडून जळगावला डायलिसिसला नेत होतो. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या ओळखीचा आहे.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. दुपारी जेवताना भूपेंद्रचा, माझ्या नवऱ्याचा, फोन वाजला. पडद्यावर 'नाना विहीर'. त्यात नवल नाही, तो फोन नेहमीच येतो. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला मोबाइलचं ऑटो बसवलेलं आहे. पेटीत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की पेटी उचलते, तिकडे काय चाललंय ते सांगते, मग एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. तिकडे काही झालं की पेटी आपणहून फोन करून सांगते. आधी त्यात कंपनीची बाई बोलायची, हिंदीतून. नाना भडकले. "माह्या विहिरीत ही कोन बाई बसली?" मग मोटर बांधणाऱ्या नासीरने नानांच्याच आवाजात सगळं भरून दिलं. लाइट आली भो. लाइट गेली भो. मोटर चालू झाली भो. पानी नाही भो. शेवटी 'मोटर बंद' एवढंच म्हणायचं होतं, पण नाना म्हणाले, "बस. बंद केली भो." नासीरने दोनदा पुसून पुन्हा भरायला लावलं, दोन्ही वेळा तेच. वाढणाऱ्याचा हात धरल्यासारखं "बस".

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. नाना गेल्यावर पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा भूपेंद्र ताटावरून उठून अंगणात गेला. अजूनही जातो. माणूस फार आतल्या गाठीचा, चेहऱ्यावर काही दिसत नाही.

तर आज नाना म्हणाले, "मोटर चालू झाली भो." भूपेंद्रने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मोटर कुणीच लावली नव्हती. तो मोटारसायकल काढून मळ्यात पोचेपर्यंत दुसरा फोन आला, "पानी नाही भो." विहीर उपसून मोटर आपोआप थांबली होती.

४ एप्रिल, शुक्रवार

परत तेच. तेही ऐन दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा.

हे आम्हाला परवडणारं नाही. बाग निसवली आहे, घड बाहेर आलेत, आणि आत्ताच पाणी मोजून द्यायचे दिवस आहेत. विहिरीला झरा आहे, पण उन्हाळ्यात तो सावकाश भरतो. भूपेंद्र पहाटे ठरवतो की आज या तुकड्याला पाणी द्यायचं, आणि दुपारी कुणीतरी आधीच विहीर कोरडी करून ठेवतं. केळीला एप्रिलात पाणी चुकलं की घड पोसत नाही, झाड मान टाकतं. वर्षाचं पीक आहे, गंमत नाही.

महिन्यापासून मोटर आम्ही बंद अशी केलीच नाही. आम्ही बंद करायच्या आधी विहीरच आटते. म्हणजे नाना रोज एकच सांगतात, पानी नाही.

माझं डोकं दुखतंय. ऊन.

६ एप्रिल, रविवार

भूपेंद्रने फोन सायलेंटवर टाकला. मी म्हटलं, "अहो, मग कळणार कसं?" तर म्हणाला, "कळून काय करायचं? पाणी नाही हेच कळणार ना?" कठोर माणूस आहे. स्वतःच्या बापाचा आवाज आहे, इतकाही नकोसा व्हावा?

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, उजवा कान दुखतोय बहुतेक. दुपारी मागे गोठ्यात खाटेवर कानाशी पदर दाबून बसतात. विचारलं तर "काही नाही व" म्हणतात. सावद्याहून कानात घालायचे थेंब आणायला सांगितलेत.

८ एप्रिल, मंगळवार

नासीर येऊन गेला. पेटी उघडून, तारा हलवून, फुंकर मारून पाहिलं.

"भाभी, बोर्ड चांगला आहे. फोन आल्याशिवाय हा चालू होतच नाही. आणि कुणाचाही फोन चालत नाही. आत नंबर टाकलेला असेल त्याचाच."

"कुणाकुणाचा आहे?"

"भूपेंद्रभाऊंचा. आणि नानांचा."

विहिरीजवळ बाहेरच्यासारखी झळ नसते. केळीच्या आत काळोखी गारवा असतो आणि वारा नसला तरी फाटकी पानं एकमेकांना घासत राहतात. नासीरने घाम पुसला. "नानांचा फोन कुठंय?"

"कपाटात," भूपेंद्र म्हणाला. "बंद आहे."

घरी येऊन मी खात्री केली. कपाटात वरच्या खणात नानांच्या फोनचं रेक्झिनचं पाकीट आहे जागच्या जागी, टोपीखाली ठेवलेलं. मी त्याला हात लावला नाही. त्यांच्या वस्तूंना मी अजून हात लावत नाही.

नासीरचं म्हणणं, मग बोर्डच पागल झाला असेल, नवीन टाकू. पण नव्यात आवाज कंपनीचा येईल. जुन्या चिपमधलं त्याला काढता येत नाही. भूपेंद्र लगेच म्हणाला, "टाक." मी म्हटलं, थांबा थोडं. मग असं ठरलं की भूपेंद्रला नको असेल तर पेटीचे फोन माझ्या मोबाइलवर यावेत. नासीरने नंबर बदलून दिला. बी.एस्सी. फिजिक्स झालेली बाई मी, धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला पहिली यायची. मला आवाजाची भीती वाटत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

नानांची बाटली मी अजून रोज सकाळी भरते. भरते म्हणजे हात जातो. प्लॅस्टिकची साधी बाटली, तिच्यावर लाल नेलपॉलिशने मी रेघ मारली होती. दिवसाचं पाणी रेघेपर्यंत, त्यात चहा धरून. किडनीच्या माणसाला जास्त पाणी म्हणजे विष, ते छातीत साचतं. आई डोळे चुकवून पाजतील म्हणून बाटली माझ्या ताब्यात होती. नाना मागायचे, मी बाटली उजेडात धरून दाखवायची. "नाना, संपलं." भांडण कधी नाही. ओला रुमाल ओठांवर ठेवायची, फार झालं तर चमचाभर. ते म्हणायचे, "पाह्य बरं ऋतिका, विहिरीत हत्ती बुडीन एवढं पानी अन् मालकाले चमचा!" आणि स्वतःच हसायचे. ओठ फुटलेले असायचे, हसताना रक्त यायचं.

मी माझं काम नीट केलं. डॉक्टरही म्हणाले होते, घरात असं एक माणूस कडक पाहिजे.

तर बाटली. सकाळी भरून खिडकीत ठेवते, संध्याकाळी रिकामी असते. आई तुळशीला घालत असतील.

१२ एप्रिल, शनिवार

आज मी विहिरीवर एकटी होते. मुद्दाम गेले होते, दुपारची वेळ धरून. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आजूबाजूला कुणी नाही. मी पेटीकडे बघत उभी असतानाच आत खट्ट झालं आणि खाली पाण्यात मोटर घुमायला लागली. पाठोपाठ हातातला फोन वाजला.

"मोटर चालू झाली भो."

पायाखालची जमीन थरथरते मोटरने, ती थरथर आणि कानात नाना. खोटं कशाला लिहू, माझी बोबडी वळली. फिजिक्स वगैरे काही आठवलं नाही. विहिरीत डोकावून पाहिलं तर पाणी खाली खाली जात होतं, आणि काठाचे ओले दगड उघडे पडत होते. थोड्या वेळाने मोटर थांबली. फोन परत वाजला.

मी तो रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं, म्हणजे बोर्ड बदलला तरी आवाज राहील. केलाही. घरी येऊन लावला तर त्यात नाना नाहीतच. नुसती पानांची सळसळ, आणि मग माझा आवाज, अगदी स्पष्ट: "थांबा नाना, देते."

मी असं काही बोलले नाही. मला आठवत तरी नाही.

भूपेंद्र म्हणाला, तुझ्या मोबाइलमध्ये फक्त आपल्याच बाजूचं रेकॉर्ड होतं. असेल. पण मग मी कुणाला काय देत होते?

१५ एप्रिल, मंगळवार

विहिरीकडच्या तुकड्यातली झाडं पिवळी पडायला लागली. भूपेंद्रने आज एक घड कापून आणला आणि काही न बोलता ओट्यावर ठेवला. केळी बोटाएवढी, टोकं काळी. आई त्याच्यावरून हात फिरवत बसल्या.

भूपेंद्र म्हणाला, "बस झालं. अखाजीच्या सणाच्या आत बोर्ड बदलायचा. मी नासीरला सांगितलंय."

आई म्हणाल्या, "पेटी बदलली मंग त्याइनं कोठून बोलाव?"

म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं. पण मला भरून आलं. मी नव्या बोर्डाच्या बाजूने नाही आणि बागेच्या विरुद्धही नाही. बाग गेली तर खाणार काय? आणि पेटी गेली तर नाना कायमचे गेले. बाकी काय उरलंय त्यांचं? फोटोतले नाना आजारातले आहेत, नळ्या लावलेले. खणखणीत असे फक्त त्या पेटीत आहेत.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ओठही फुटलेत. भूपेंद्र म्हणतो पाणी पी. पितेच की.

१८ एप्रिल, शुक्रवार

बारीक पिनचा जुना चार्जर पिठाच्या कोठीमागच्या प्लगला सापडला. घरात त्या पिनेचा फोन कुणाचाच नाही आता. भूपेंद्रला म्हटलं, वस्तू जागेवर ठेवत जा.

आज नानांचा फोन तीनदा आला. मी दर वेळी कानाला लावला. फोन उचलायलाच पाहिजे असं नाही, तरी उचलते. "पानी नाही भो." पहिल्या खेपेला तो निरोप वाटतो. तिसऱ्या खेपेला तक्रार वाटते. एवढा कोरडा आवाज होता का त्यांचा? भरताना तर ठणठणीत होते, हातात चहाची बशी होती.

१९ एप्रिल, शनिवार

लघवीला जळजळ. उन्हाचं आहे. धने-जिरे भिजत घातलेत.

२२ एप्रिल, मंगळवार

सापडलं.

दुपारी फोन वाजला, "मोटर चालू झाली भो", तेव्हा मी आईंच्या कानात घालायचे थेंब घेऊन गोठ्याकडेच चालले होते. आई खाटेवर पाठमोऱ्या. पदर कानाशी. पदराखालून नानांचाच आवाज येत होता, बारीक. मी पुढे होऊन पदर बाजूला केला. नानांचा फोन. साधा, बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेला. कपाटातलं पाकीट रिकामंच होतं तर.

राग इतका आला की हातातली थेंबांची बाटली पडली. "आई! तुम्ही? महिनाभर तुम्ही मोटर लावताय? बाग वाळून चालली, तो माणूस रोज मळ्यात रडकुंडीला येतो..."

आई घाबरल्या नाहीत. माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू वेड मलाच लागलंय.

"मी पह्यले नुसताच फोन लावू. आवाज आयकू अन् ठेवून देऊ. फागुन लागला तसे ते सांगाले लागले, पानी नाही. रोज. मंग मी काय करू व? एक दाबलं का ते म्हनता, चालू झाली. मले बरं वाटे. आता पेतीन, म्हने मी. घडीभरानं लावला का पुन्हा तेच, पानी नाही. मंग पुन्हा दाबू."

"आई, ते यंत्र आहे. विहीर कोरडी पडली की ते वाक्य लागतं. तुम्ही मोटर लावता म्हणून विहीर कोरडी पडते. तुम्ही जितकं पाणी देताय तितकं ते..."

"मले समजते यंत्र आहे ते. मी काय येडी आहे?" मग म्हणाल्या, "पन मानूस तं माहा आहे ना त्यात. तहानेला गेला व तो. मी उशाशी बसून, तांब्या भरेल, अन् दिला नाही. तू म्हने नाही द्यायचं, तं नाही दिला."

त्या मला दोष देत नव्हत्या. तसा सूर नव्हता. पण मी जागची हलले नाही.

बोलायला काही तरी हवं म्हणून मी म्हटलं, "आणि बाटलीतलं पाणी? तेही तुम्हीच ओतता ना रोज?"

"कोनती? लाल रेघेची? ते तं तू पेते."

"मी?"

"दिवसभर तूच पेते घोट घोट. अन् तेवढंच पेते. माठाले तं हात लावत नाही तू. मी पाह्यते ना."

आईंचं वय झालं. मी कशाला नानांच्या बाटलीतलं पिईन? वाटेल ते बोलतात.

२३ एप्रिल, बुधवार

भूपेंद्रला सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेईल. तो ऐकून मळ्यात निघून गेला आणि खूप वेळाने परत आला. डोळे लाल होते. वावटळीत धूळ गेली म्हणाला. आज वारा नव्हता.

संध्याकाळी आईंच्या खाटेपाशी बसला. "आई, फोन राहू दे तुझ्याजवळ. आयक पाहिजे तेवढा. पन बटन नको दाबू. बाग मरते."

"घागर भर," आई म्हणाल्या. "अखाजीले त्याइची घागर भर. त्याइले पानी भेटू दे. मंग मी कधीच नाही दाबत."

आता हे लिहून ठेवते, देवपूरच्या माझ्या मैत्रिणी हसल्या तरी. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात. घरातलं माणूस त्या वर्षात गेलेलं असलं तर ती घागर चुकवायची नाही. तोवर तो जीव पितरांत बसत नाही, उंबऱ्याबाहेर तहानलेला उभा राहतो म्हणतात. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण मी भूपेंद्रच्या आधी म्हणाले, "भरू."

बोर्ड बदलायचं पुढे ढकललं. बोर्डाचा काही दोषच नव्हता. शेजारच्या रुपचंदभाऊंनी अखाजीपर्यंत बागेला त्यांच्या विहिरीचं पाणी द्यायचं कबूल केलं. आमच्या विहिरीला तेवढे दिवस विसावा.

२६ एप्रिल, शनिवार

मोटर बंद आहे, पेटीचा मेन स्विचही पाडून ठेवलाय, त्यामुळे फोन येत नाहीत. घर फार शांत झालंय. दुपारी चुकून मोबाइल हातात घेऊन बसते.

आज मी नानांच्या खाटेची चादर काढली, पहिल्यांदाच. उशीवर ओला रुमाल होता, चौकोनी घडी घातलेला. ओठांवर ठेवायचे तसा. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी नाही व." त्या आता खोटं बोलणार नाहीत, सगळं उघडं झाल्यावर. भूपेंद्र तर त्या खोलीत पाऊलच टाकत नाही. मग कोण?

घडी मात्र माझ्यासारखी होती. नर्सने शिकवलेली.

२९ एप्रिल, मंगळवार

धुळ्याहून आबांचा, माझ्या वडिलांचा फोन. लेकी अखाजीला माहेरी जातात, आबा दर वर्षी वाट बघतात.

"येस ना व माय? झोका बांधी ठेयेल शे."

"यंदा नै आबा. नानासनी घागर शे."

"मंग बरोबर शे. घागर सोडीसन येवानं नै." मग म्हणाले, "तुना गया सुकेल वाटस. बठ्ठं बरं शे ना? पानी पेत जाय, बेटा."

गळा सुकलेला वाटतो म्हणे. जो तो मला पाणी प्यायला सांगतो. एवढं काय दिसतं माझ्यात?

घागर आणली. लाल, नवी, आत फुंकर मारली की घुमते. वरती ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. पुरणाची डाळ भिजत घातली. विहीर भूपेंद्रने पाहून सांगितली, चांगली चढली आहे.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी

आजचं आजच लिहायचं.

सकाळी भूपेंद्र आमच्या विहिरीचं पाणी घेऊन आला, स्वतः शेंदून, मोटर न लावता. आईंनी उंबरा सारवला. कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेत उमटवायचं असतं, आजे, पणजे. शेवटचं बोट नानांचं. आईंनी भूपेंद्रला सांगितलं, पण त्याचं बोट उंबऱ्यावर टेकेचना. मग आईंनी त्याचा मनगटाशी हात धरला आणि टेकवला. भूपेंद्र रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. डायलिसिसच्या दिवसांतही नाही, सरणापाशीही नाही. मी त्याला कठोर म्हणत होते.

घागर भरायला आईंनी मला सांगितलं. रीत तशी नाही, पण म्हणाल्या, "तूच भर. त्याइचं पानी तुह्या हाती व्हतं." मी तांब्याने ओतत गेले. पहिला तांब्या ओतून माझा हात आपोआप थांबला आणि मी घागर किती भरली ते वाकून पाहिलं. आई म्हणाल्या, "रेघ नाही व माय तिच्यावर. भर." मग मी काठोकाठ भरली, सांडेपर्यंत. पाणी उंबऱ्यावरून अंगणात गेलं.

निखाऱ्यावर घास टाकला, धूर सरळ वर गेला. भूपेंद्र म्हणाला, आता बागेला आपलं पाणी सोडून येतो, आणि मळ्यात गेला. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. "मोटर चालू झाली भो." आई घागरीपाशी बसून होत्या, नुसत्या हसल्या. त्यांचा फोन, म्हणजे नानांचा, बंद करून घागरीशेजारी ठेवला होता. बॅटरी काढून. मी स्वतः पाहिलं.

मग आईंनी नव्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि मला म्हणाल्या, "ओंजळ धर."

"नको, मला तहान नाही."

"धर म्हनते ना."

मी ओंजळ धरली. त्या ओतत होत्या, मी पीत होते. गार, मातीच्या वासाचं. पहिल्या घोटाला घसा दुखला. मग थांबताच येईना. हनुवटीवरून, ब्लाउजवरून पाणी चाललं होतं, आई ओततच होत्या. "बस म्हन तवा थांबते," म्हणाल्या. तांब्या संपला, त्यांनी दुसरा भरला. मला बस म्हणायचं होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता. मी रडत होते की पीत होते ते मलाच कळत नव्हतं. तो चमचा आठवत होता, शेवटच्या संध्याकाळचा, आणि मी बाटली उजेडात धरलेली.

ओट्यावरचा माझा फोन वाजला. आईंनी ओला हात पुसून तो उचलला आणि मोठ्या आवाजावर केला.

"बस. बंद केली भो."

कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं हे. आईंच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला, मग त्यांनी तो सरळ केला. मी ओंजळ सोडली.

भूपेंद्र परत आला तेव्हा आम्ही तिथेच बसलेल्या होतो. "मोटर तू बंद केली का?" त्याने मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मी रुपचंदभाऊंकडे बोलत उभा व्हतो. विहिरीत पाणी भरपूर आहे. लाइटही आहे. मंग बंद कोणी केली?"

घागरीवरचं डांगर जरा कललं होतं, आईंनी ते नीट केलं. मग त्यांनी तांब्या पालथा घातला आणि आम्हाला जेवायला वाढलं.